चाखणीच्या मेजावरील शिष्टाचार

वाइन पिणें आणि वाइन चाखणें या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत. पिणारा मनुष्य आपल्या सुखासाठीं बसतो. चाखणारा पंच म्हणून बसतो. हा भेद ध्यानीं न आल्यामुळें आमचे कित्येक बागाइतदार बंधू चाखणीच्या बैठकीस गेले म्हणजे एक तर परक्या कचेरींत उभे राहिल्यासारखे अवघडून बसतात, नाहीं तर वऱ्हाडाच्या पंगतींत बसल्याप्रमाणें पेल्यामागून पेला रिकामा करितात. पहिल्या प्रकारांत त्यांस कांहीं कळत नाहीं. दुसऱ्यांत जें कळलें तें घरीं पोंचेपर्यंत राहत नाहीं. म्हणून या बैठकीस कसें जावें, तेथें कसें बसावें, काय बोलावें व मुख्यतः काय बोलूं नये, याचा विचार या लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वाइन प्यावी असा उपदेश करण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्यांच्या गळ्यांत माळ आहे, ज्यांच्या घरीं मद्य वर्ज्य आहे, अथवा ज्यांस वैद्यानें मना केली आहे, त्यांनीं आपला नेम मोडण्याचें यत्किंचितही कारण नाहीं. मद्यापायीं सातबाराच्या उताऱ्यावर बोजा चढत जातो, आणि शेवटीं एका फेरफारानें मूळ मालकाचें नांवच कमी होतें, हा क्रम आम्हीं महसुलाच्या नोकरींत इतक्या वेळां कागदोपत्रीं पाहिला आहे कीं, मद्याची स्तुति आमच्या लेखणींतून होणें शक्य नाहीं. परंतु ज्याच्या मळ्यांतील शिराझ, शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यॉ ब्लाँ जातीचीं द्राक्षें कारखान्यांत जातात, त्याच्या वर्षभराच्या कष्टांचा निकाल अखेर पेल्यांत लागतो. निकाल लागत असतां पक्षकार हजर असावा आणि चाललेलें कामकाज त्यास समजावें, एवढीच आमची इच्छा आहे.

हा धंदा आपल्याकडे फार जुना नव्हे. नारायणगांवाकडे १९८० नंतरच्या दशकांत फेसाळ वाइन तयार होऊन परदेशीं जाऊं लागली. पुढें महाराष्ट्र सरकारनें २००१ सालीं द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, व नाशिक जिल्ह्यांत विंचूर आणि सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन पार्क निघाले. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूस सुला यांची पहिली वाइन २००० सालीं बाहेर पडली, आणि २००५ सालीं तेथें येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठीं चाखणीची खोली उघडली. त्यानंतर अशा खोल्या वाढत गेल्या. मध्यंतरीं २००८ नंतरच्या मंदींत मागणी घटली, कित्येक कारखान्यांस माल उचलतां येईना, व अनेक शेतकऱ्यांनीं वाइनच्या जातींच्या वेली उपटून पुन्हां खाण्याच्या द्राक्षांकडे धाव घेतली. त्या वेळीं ज्यांस आपल्या मालाची प्रत स्वतः समजत होती त्यांस निदान प्रश्न तरी विचारतां आले. ज्यांस समजत नव्हती त्यांनीं कारखानदार जें कारण सांगेल तें ऐकून घेतलें. चाखणीची रीत शिकणें ही शहरी माणसाची हौस आहे असें मानणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत घ्यावी.

चाखणीच्या शिष्टाचाराचें मूळ समजण्यास आमच्या जुन्या खात्यांतील एक दाखला पुरेसा आहे. पिकाची आणेवारी, जिला पुढें पैसेवारी म्हणूं लागले, ठरवितांना चार माणसें शेतांत उभीं राहत. त्यांत जो वजनदार असेल तो पहिल्यानें एक आंकडा बोले, आणि मग बाकीच्यांचे आंकडे त्याच्याच आसपास घोटाळत. पीक तेंच, डोळे तेच. परंतु एकदां आंकडा कानांवर पडला कीं डोळे त्याचेंच ऐकूं लागत. म्हणूनच ठराविक चौरस मोजून, कापून, मळून, वजन करण्याची कापणी-प्रयोगाची रीत अधिक विश्वासाची ठरली. जिभेचें आणि नाकाचें तसेंच आहे, किंबहुना अधिक आहे. चाखणीचे बहुतेक सर्व नियम दोन गोष्टींसाठीं आहेत: आपलें नाक-जीभ स्वच्छ राहावी, आणि शेजाऱ्याच्या नाका-जिभेंत आपण ढवळाढवळ करूं नये.

यांतील पहिल्या गोष्टीची तयारी घरूनच होते. बैठकीस जातांना अत्तर, सुगंधी तेल, किंवा अंगावर फवारण्याचीं सुवासिक द्रव्यें लावूं नयेत. लग्नास जातांना जो सुवास शोभेचा, तोच येथें अपराध होतो. कारण एका माणसाच्या अंगावरील हिना शेजारच्या पांच माणसांच्या पेल्यांत उतरतो. तंबाखू, गुटखा, विडा, सुपारी व वेलदोडा हीं निदान तास-दोन तास आधीं बंद ठेवावीं. कच्चा कांदा-लसूण व झणझणीत ठेचा खाऊन जाऊं नये; मिरचीनें जीभ पोळलेली असली म्हणजे वाइनमधील मद्यार्काची आग दुप्पट भासते व बाकीची चव हरपते. तथापि उपाशीपोटींही जाऊं नये. साधी भाजी-भाकरी किंवा वरण-भात खाऊन जावें, म्हणजे डोकें ठिकाणावर राहतें. यजमानानेंही त्या खोलींत उदबत्ती लावूं नये, आणि मेजावर निशिगंध-मोगऱ्याचे गुच्छ मांडूं नयेत. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलें कीं प्रथम उदबत्ती पेटते, म्हणून हें मुद्दाम सांगितलें.

आतां पेला. तो उभ्या दांड्याचा असतो तो केवळ दिखाऊपणासाठीं नव्हे. पेल्याचें पोट मुठींत धरलें कीं हाताच्या उबेनें वाइन तापते, कांचेवर बोटांचे डाग पडून रंग नीट दिसत नाहीं, आणि हातास लागलेला वास नाकाशीं येतो. म्हणून दांडा चिमटींत धरावा. चाखणीच्या पेल्याचें एक आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७७ सालीं ठरलें. त्यांत पेल्याची समाई सुमारें २१५ मिलिलिटर असून वाइन मात्र ५० मिलिलिटरच ओतावयाची असते. वरची मोकळी जागा वासासाठीं आहे. हें ठाऊक नसलेले गृहस्थ पाऊण रिकामा पेला पाहून यजमानास कंजूष समजतात व 'भरा कीं हो' म्हणतात. चहाच्या कपाची रीत येथें लावूं नये. ७५० मिलिलिटरच्या एका बाटलींत असे पंधरा नमुने निघतात, आणि तेवढे निघावे असाच हिशोब असतो.

हिशोबाचाच प्रश्न निघाला म्हणून वाचकांनीं आणखी एक बेरीज करून पाहावी. समजा, पांच प्रकारच्या वाइन ५०-५० मिलिलिटर घेतल्या. एकूण २५० मिलिलिटर झाली. शेंकडा १३ प्रमाणें तींत मद्यार्क साडेबत्तीस मिलिलिटर, म्हणजे वजनानें सुमारें २५ ग्रॅम निघतो. बाटलींतील देशी व्हिस्की-रम शेंकडा ४२.८ मद्यार्काची असते. त्या मानानें हें प्रमाण ७६ मिलिलिटर, म्हणजे एका मोठ्या पेगाहून अधिक झालें. 'नुसतें चाखलें, प्यालों कोठें?' असें म्हणणाऱ्यांनीं हा आंकडा कागदावर मांडून पाहावा. दहा प्रकार गिळले तर काय होईल तें निराळें सांगावयास नको.

यावर उपाय म्हणून जी रीत आहे तिनेंच आमच्या लोकांस सर्वांत अधिक संकोच वाटतो: चाखून झालेली वाइन थुंकून टाकावयाची असते. आमच्या संस्कारांत अन्न थुंकणें म्हणजे अन्नाचा व अन्नदात्याचा अपमान. चारचौघांत थुंकणें हें तर असभ्यपणाचें लक्षण. त्यामुळें मेजावर पिकदाणीसारखें भांडें दिसलें कीं आमचा मनुष्य तें न पाहिल्यासारखें करितो आणि घोंट गिळतो. परंतु या बैठकींत नियम उलटा आहे. न गिळतां थुंकणारा मनुष्य आपलें काम गांभीर्यानें करीत आहे असा त्याचा अर्थ घेतात. युरोपांतील स्पर्धांचे परीक्षक एका दिवसांत अनेक दहांनीं नमुने तपासतात ते याच रीतीनें. मात्र थुंकण्यासही कांहीं मर्यादा आहे. भांडें जवळ घ्यावें, मान खालीं करावी, ओठ आवळून बारीक धारेनें सोडावें, आणि रुमालानें तोंड टिपावें. खाकरूं नये. दुसरा मनुष्य भांड्यावर वांकला असतां आपण घाई करूं नये, व त्या वेळीं त्याच्याशीं बोलूं नये. पेल्यांत उरलेली वाइनही त्याच भांड्यांत ओततां येते. त्यांत यजमानाचा अपमान नाहीं. ज्यांस लोकांपुढें थुंकण्याची लाज वाटते त्यांनीं घरीं मोरीवर पाण्यानें दोन दिवस सराव करावा. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. दाढीसुद्धां मनुष्य एकांतांतच करावयास शिकतो. थुंकलें तरी थोडा अंश पोटांत जातोच, एवढें मात्र लक्षांत असूं द्यावें.

थुंकण्याइतकीच दुसरी अडचण आग्रहाची. आमच्या पंगतीचें भूषण म्हणजे आग्रह. 'एक घांस माझ्या नांवाचा' म्हटल्याशिवाय जेवण झालेंसें आम्हांस वाटत नाहीं, आणि ज्या घरीं आग्रह नाहीं त्या घरीं पुन्हां जाऊं नये असें जुनीं माणसें म्हणत. तोच आग्रह मद्याच्या बाबतींत शुद्ध दुर्वर्तन होय. श्रीखंडाची वाटी अधिक झाली तर मनुष्य दुपारीं झोंपतो. पेला अधिक झाला तर तो रात्रीं मोटारसायकल चालवितो. म्हणून चाखणीच्या मेजावर कोणीं कोणास 'घ्या हो, काय होतें एवढ्यानें' असें म्हणूं नये. 'नको' हा शब्द एकदां ऐकला कीं पुरे. त्याचें कारण विचारूं नये, औषध चालूं आहे काय, उपास आहे काय, बायकोची भीति आहे काय, असल्या चौकशा तर मुळींच करूं नयेत. ज्यास नको असेल त्यानेंही लांबलचक स्पष्टीकरण न देतां पेल्याच्या तोंडावर हलकेच हात धरावा. ओतणारा समजतो.

प्रत्यक्ष चाखण्याची रीत थोडक्यांत अशी. पांढऱ्या वाइन आधीं, तांबड्या नंतर. हलक्या आधीं, जड नंतर. कोरड्या आधीं, गोड शेवटीं. हा क्रम मोडून 'आधीं ती लाल द्या' अशी मागणी करूं नये; कारण तांबडीचा तुरटपणा जिभेवर बसला म्हणजे मागाहून आलेली पांढरी पाण्यासारखी लागते. पेला तिरपा करून पांढऱ्या कापडावर रंग पाहावा. मग न हलवितां एकदां वास घ्यावा, नंतर पेला मेजावरच ठेवून हळू फिरवावा व पुन्हां वास घ्यावा. फिरविल्यानें वाइनचा पृष्ठभाग वाढतो व वास मोकळे होतात. हवेंत पेला गरगरा फिरवून शेजाऱ्याच्या सदऱ्यावर शिंतोडे उडविणें हें नवशिक्याचें लक्षण आहे. मग लहानसा घोंट घेऊन तो सगळ्या तोंडांत खेळवावा. आंबटपणानें जिभेच्या कडांना पाणी सुटतें. तुरटपणानें हिरडा चावल्यासारखे गाल व हिरड्या कोरड्या पडतात. हा तुरटपणा द्राक्षाच्या सालींतील व बियांतील टॅनिनचा असून तें लाळेंतील प्रथिनांस धरून ठेवितें म्हणून तोंड कोरडें भासतें. दोन नमुन्यांच्या मध्यें साध्या पाण्यानें चूळ भरावी व बिनमिठाच्या पावाचा तुकडा खावा. फरसाण, चिवडा व मसालेदार काजू मेजावर असले तरी तिकडे हात जाऊं देऊं नये, निदान चाखणी पुरी होईपर्यंत.

या सर्व वेळांत तोंड बंद ठेवणें हा सर्वांत मोठा शिष्टाचार आहे. पहिल्यानें बोलणारा मनुष्य इतरांचा निकाल बिघडवितो, हें आम्हीं आणेवारीच्या दाखल्यानें सांगितलेंच. फ्रान्समधील बोर्दो येथील विद्यापीठांत याचा चांगला प्रयोग झाला आहे. वाइनशास्त्र शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढें पांढरी वाइन ठेविली, आणि तीच पांढरी वाइन वास नसलेल्या रंगानें तांबडी करूनही ठेविली. विद्यार्थ्यांनीं रंगविलेल्या वाइनचें वर्णन तांबड्या वाइनच्याच शब्दांनीं केलें! २००१ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ होऊं पाहणाऱ्यांच्या नाकास डोळा असा फसवितो, तर मग शेजारच्या साहेबांनीं 'व्वा, काय चेरीचा वास आहे' म्हटल्यावर आमच्या बागाइतदारास चेरी न पाहतां चेरीचा वास येऊं लागला तर नवल नाहीं. म्हणून सर्वांचे कागद लिहून होईपर्यंत चेहऱ्यानेंही मत देऊं नये. नाक मुरडणें व माना डोलविणें हेंसुद्धां बोलणेंच आहे.

बाटलीस कापड गुंडाळून चाखणी करितात ती याच कारणासाठीं, आणि कापडाखालीं डोकावून पाहणें हें परीक्षेंत शेजाऱ्याची वही पाहण्यासारखें आहे. २४ मे १९७६ रोजीं पॅरिस येथें स्टीव्हन स्पर्यर या इंग्रज वाइन-व्यापाऱ्यानें एक झांकलेली चाखणी भरविली. परीक्षक सर्व फ्रेंच, त्या धंद्यांत मुरलेले. मेजावर फ्रान्सच्या नामांकित वाइन व अमेरिकेंतील कॅलिफोर्नियाच्या तेव्हां फारशा कोणास ठाऊक नसलेल्या वाइन एकत्र मांडल्या होत्या. गुण मोजले तेव्हां पांढऱ्यांत शातो माँटेलेना आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप, अशा दोन्ही ठिकाणीं १९७३ सालच्या कॅलिफोर्नियाच्या वाइन पहिल्या आल्या. बाटल्या उघड्या असत्या तर तो निकाल लागला असता असें आम्हांस वाटत नाहीं. नाशिकच्या बागाइतदारानें ही गोष्ट दोन्ही अंगांनीं ध्यानांत ठेवावी: परदेशी चिठ्ठी पाहून आपलें मत दबूं देऊं नये, आणि आपल्याच गांवची वाइन म्हणून तिला दोन गुण अधिकही देऊं नयेत.

बोलण्याची पाळी आली म्हणजे स्वतःचे शब्द वापरावे. पुस्तकांतील ब्लॅकबेरी व गूजबेरी आम्हीं चाखलेल्या नाहींत, आणि त्यांचीं नांवें घेण्यांत प्रतिष्ठा नाहीं. जांभूळ, करवंद, पेरू, कवठ, गवती चहा, काळी मिरी, पहिल्या पावसाची माती, जुन्या कोठींतील धान्य हे वास ज्यास ओळखतां येतात त्याचें नाक कोणत्याही साहेबाच्या नाकास हार जाणारें नाहीं. नांवांचा उच्चार चुकला तरी लाजूं नये. दुसऱ्याचा चुकला तर सुधारूं नये. आवडलें नाहीं तर 'ही वाइन वाईट आहे' असें न म्हणतां 'माझ्या तोंडास ही फार आंबट लागली' असें म्हणावें. पहिलें वाक्य यजमानावर पडतें. दुसरें आपल्या जिभेपुरतें राहतें, आणि त्यास उत्तरही देतां येतें.

परंतु दोष आणि नावड हीं एक नव्हेत, आणि येथें आमच्या बागाइतदारानें केवळ भिडेखातर गप्प बसूं नये. ओल्या गोणपाटासारखा वास आला तर तो बहुधा बुचाचा दोष असतो. शिरक्याचा वास आला तर वाइनला हवा व जंतु लागले. चिरून ठेविलेल्या काळपट सफरचंदासारखा वास म्हणजेही हवेचाच परिणाम. हे दोष कारखान्याचे अथवा बाटलीचे. ते मोठ्यानें जाहीर न करितां ओतणाऱ्यास जवळ बोलावून हळूच सांगावे. भला यजमान बाटली बदलतो व आभार मानतो. दुसरे दोष मळ्यांतून येतात. कॅबर्ने किंवा सोव्हिन्यॉ ब्लाँ या जातींत हिरव्या ढोबळी मिरचीचा उग्र वास आला तर घड अपक्व तोडले किंवा पानांच्या दाट सावलींत राहिले असा संशय घ्यावा. पुढच्या हंगामीं फेलफुटी वेळेवर काढून घडांस ऊन-वारा लागूं द्यावा. पाणीदार, पोकळ चव बहुधा वेलीवर घडांचा भार फार ठेविल्याची खूण आहे. खाण्याच्या द्राक्षांत एकरी वजन पाहावयाचें, येथें रस पाहावयाचा. रसाची गोडी २३ अंश ब्रिक्स असली तर वाइनमध्यें मद्यार्क शेंकडा साडेबाराच्या सुमारास उतरतो. म्हणजे गोडीमापकांत जें जानेवारी-फेब्रुवारींत दिसलें तेंच पुढें पेल्यांत दिसावें.

एका बैठकींत आम्हीं पाहिलेला प्रकार येथें सांगण्याजोगा आहे. मेजाशीं एक वयस्क माळकरी बागाइतदार बसले होते. त्यांनीं घोंट घेतला नाहीं. फक्त वास घेऊन पेला खालीं ठेवीत. चौथ्या पेल्यापाशीं ते थांबले, पुन्हां वास घेतला, व वाइन करणाऱ्या तरुणास हातानें जवळ बोलावून हलक्या आवाजांत म्हणाले, "दादा, हिला गंधकाचा वास मारतो. तोडणीच्या तोंडावर कोणीं भुरीसाठीं धुरळणी केली होती का?" मेजावरील दोघे-तिघे शहरी पाहुणे हंसले. तो तरुण हंसला नाहीं. त्यानें आंत जाऊन नोंदवही आणली, व त्या टांकींतील माल ज्या मळ्यांतून आला होता तेथें तोडणीपूर्वीं थोड्याच दिवसांवर गंधक मारल्याची नोंद निघाली. द्राक्षांवर गंधक राहून गेलें म्हणजे रस आंबतांना यीस्ट त्यापासून कुजक्या अंड्याच्या वासाचा वायु तयार करितें. हें त्या तरुणानें पुस्तकांतून शिकलें होतें, आणि त्या गृहस्थांनीं तीस वर्षें धुरळणी करून. बैठकींतील सर्वांत उपयुक्त मत न पिणाऱ्या मनुष्याकडून आलें, आणि ज्या रीतीनें तें आलें ती रीतही उत्तम होती: हळू, प्रश्नरूपानें, आणि ज्याच्याकडे उत्तर आहे त्याच्याच कानीं.

उलट बाजूही आहे. कारखानदारानें मेजावर लोकांदेखत 'माल कच्चा होता' असें म्हटलें, तर बागाइतदारानें चढा आवाज लावूं नये व मान खालींही घालूं नये. तोलपावतीवरील ब्रिक्सचा आंकडा विचारावा. तो आंकडा करारांत ठरल्याप्रमाणें असेल तर बोलणें तेथेंच थांबतें. म्हणून माल घालतांना पावतीवर वजनाबरोबर गोडी, तारीख व गट नंबर लिहून घेण्याची संवय ठेवावी. कागद जवळ असणाऱ्या मनुष्यास नम्र राहणें सोपें जातें, हा आमच्या नोकरीचा अनुभव आहे.

गट नंबरावरून फ्रान्समधील बर्गंडी प्रांताची आठवण होते. तेथें द्राक्षांच्या एकेका तुकड्यास शेंकडों वर्षांचें नांव व ठरलेली हद्द आहे, व तें नांव बाटलीवर छापतात. २०१५ सालीं युनेस्कोनें हे तुकडे जागतिक वारशांत घेतले. क्लो द वूझो नांवाचा सुमारें ५० हेक्टरांचा, म्हणजे सव्वाशें एकरांच्या आंतबाहेरचा, एकच भिंतीनें वेढलेला मळा तेथें आहे, आणि त्याचे मालक सुमारें ऐंशीं आहेत. हे पोटहिस्से वाचून कोणत्याही तलाठ्यास आपल्या सजाची आठवण व्हावी! त्याच प्रांतांत बोन गांवीं धर्मार्थ रुग्णालयाच्या मळ्यांतील वाइनचा लिलाव १८५९ पासून चालत आला असून तो नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारीं होतो. वाइन तेव्हां पिंपांतच असते, आणि बोली लावणारे आधीं पिंपांतील नमुना चाखतात. लासलगांवच्या बाजारांत आपण मूठभर कांदा हातांत घेऊन पाहतों त्यांतलाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, त्या बाटलीवर शेताचें नांव शेवटपर्यंत टिकतें, आणि आमच्या बहुतेक बाटल्यांवर खोऱ्याचें किंवा कारखान्याचें नांव असून शेतकऱ्याचें कोठेंच नसतें. हें बदलावें असें ज्यांस वाटतें त्यांनीं आपल्या मळ्याची चव ओळखूं लागणें ही त्याची पहिली पायरी होय.

ज्या बागाइतदारांनीं स्वतःचे लहान कारखाने काढून पाहुण्यांस बोलावण्यास आरंभ केला आहे त्यांस दोन शब्द. माल पुरविणाऱ्या शेतकऱ्यास शहरी पाहुण्यांच्या मागें, भिंतीशीं उभें करूं नये. त्याची खुर्ची मेजाशीं असावी व त्याची ओळख त्याच्या गांवासकट करून द्यावी. न पिणाऱ्यासाठीं ताज्या द्राक्षाचा रस अगर साधें पाणी तशाच स्वच्छ पेल्यांत आधींच मांडून ठेवावें, म्हणजे त्यास मागावें लागत नाहीं. स्त्रियांस 'आपणांस गोडच आवडेल' असें गृहीत धरून गोड वाइन पुढें करूं नये. द्राक्षाची विरळणी बहुतेक ठिकाणीं स्त्रियाच करितात, आणि घडाची पारख त्यांस अधिक असते. ओतणाऱ्या मुला-मुलींस पाहुण्यांनीं 'ए पोरा', 'ए बाई' म्हणून हांक मारूं नये. कायद्यानें ठरविलेल्या वयाखालील कोणास, मग तो सरपंचाचा मुलगा कां असेना, थेंबही देऊं नये. चाखणी झाली म्हणजे बाटली विकत घेतलीच पाहिजे असें बंधन पाहुण्यावर नाहीं, आणि यजमानानें मागणीची वही त्याच्या हातांत कोंबूं नये. परंतु दोन तास ज्याच्या मेजाशीं बसलों त्याचे आभार मानून उठावें, व पुढील फेरीसाठीं रेंगाळूं नये.

परतीचा विचार येण्यापूर्वींच झालेला असावा. मोटार-वाहन कायद्याप्रमाणें रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्यें ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क सांपडला कीं गुन्हा होतो, व २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्याच गुन्ह्यास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अगर दोन्ही, होऊं शकतात. वर केलेली पांच नमुन्यांची बेरीज गिळणाऱ्यास ही मर्यादा सहज ओलांडतां येते. तेव्हां चौघे मिळून जाणार असाल तर गाडी चालविणारा कोण तें घरींच ठरवावें, आणि त्यानें फक्त वास घ्यावा. तो रिकामा बसला असें समजूं नये. चौघांचीं मतें, वाइनचीं नांवें, साल, आणि कळल्यास माल कोणत्या गटांतून आला तें लिहून घेण्याचें काम त्याच्याकडे द्यावें. हीं टिपणें एप्रिलांतील खरड छाटणीच्या वेळीं काढावीं व छाटणी करणाऱ्या मजुरांस हातीं घेण्यापूर्वीं, ओळीओळींतून फिरत, एकदां वाचावीं.